सोसायटीतल्या कॅम्पची लस "मोफत" होती का? स्मरणिकेवरून भांडण लागलंय

वाघबीळ_बी_विंग

नमस्कार मंडळी, जरा मदत पाहिजे. आमच्या सोसायटीला या डिसेंबरात पंचवीस वर्षं होतायत म्हणून स्मरणिका काढायचं ठरलंय, आणि याचं मराठी बरं आहे असं कोणीतरी एजीएममध्ये बोलून गेलं त्यामुळे ते काम माझ्या गळ्यात पडलंय. गणपती, पाण्याचे टँकर, लिफ्टचं प्रकरण, पार्किंगमध्ये बिबट्या आला होता ती रात्र (येऊरच्या कडेला राहिलं की हे आलंच), सगळं लिहून झालं. गाडी अडलीये करोनाच्या पानावर.

सेक्रेटरी साहेबांनी एक वाक्य पाठवलंय, "कोविड काळात सोसायटीने सर्व रहिवासी व कर्मचारी यांचे मोफत लसीकरण केले." आता माझ्या फाइलमध्ये जुलै २०२१ ची पावती आहे, ७८० प्रमाणे चौघांचे ३१२० रुपये, आपल्या क्लब हाऊसमध्येच कॅम्प होता त्या दिवसाची, एका खाजगी हॉस्पिटलची. मी ग्रुपवर टाकली. साहेब म्हणाले सरकारने लस फुकट दिली हे अख्ख्या देशाला माहितीये, तू कसली पावती काढतोयस. खजिनदार म्हणाले पैसे हॉस्पिटलने घेतले, सोसायटीने एक रुपया घेतला नाही, म्हणजे सोसायटीपुरतं मोफतच की!! यावर काय बोलणार सांगा.

दुसरं म्हणजे "कर्मचारी". मला अंधुक आठवतंय की त्या दिवशी वॉचमन आणि साफसफाईवाल्या मावश्या क्लब हाऊसच्या बाहेर खुर्च्या लावत होत्या, सॅनिटायझर मारत होत्या, पण आत बसून टोचून घेताना कोणी पाहिल्याचं मला तरी आठवत नाही. कदाचित चुकत असेन, तेव्हा डोकं ठिकाणावर कोणाचं होतं, एप्रिलमध्ये आमच्याच विंगमधले दोघं गेले होते.

तर मला नीट सांगा की लस नक्की कधी, कोणाला, कुठे फुकट होती आणि कुठे विकत? ठाणे नवी मुंबईतल्यांचे अनुभव असतील तर ते पण लिहा. सर्टिफिकेटवर फोटो कोणाचा होता या विषयावर कृपया जाऊ नका, धागा बंद पडेल.


तीन_पेट्रोलपंप_काका

मी बँकेतून रिटायर झालेला माणूस, पासबुकासारखी तारखांची वही ठेवायची सवय आहे, त्यामुळे सांगतो.

१६ जानेवारी २०२१ ला देशात सुरुवात झाली, फक्त डॉक्टर, नर्स, हॉस्पिटलचा स्टाफ. फेब्रुवारीत पोलीस, पालिका कर्मचारी वगैरे. १ मार्चपासून साठीच्या वरचे, आणि ४५ च्या वरचे ज्यांना डायबेटिस, हार्ट असं काही आहे ते. १ एप्रिलपासून ४५ च्या वरचे सगळे. १ मेपासून १८ च्या वरचे. सरकारी केंद्रावर यातल्या कोणालाही, कधीही, एक पैसा लागला नाही. खाजगीत मार्च एप्रिलमध्ये २५० रुपये घ्यायचे, १५० लसीचे आणि १०० टोचणावळ.

घोळ झाला तो १ मेला. त्या दिवसापासून कंपन्यांचा निम्मा माल केंद्राला, उरलेला राज्यांनी आणि खाजगी हॉस्पिटलांनी स्वतः विकत घ्यायचा असं ठरलं. कोविशील्डवाल्या सीरमने राज्यांना ४०० आणि खाजगीला ६०० असा भाव जाहीर केला, आरडाओरडा झाल्यावर राज्यांचा ३०० केला. कोवॅक्सीनवाल्या भारत बायोटेकने ६०० आणि १२०० सांगितले, मग राज्यांना ४००. आपल्या राज्य सरकारने जाहीर केलं की १८ ते ४४ ला आम्ही फुकट देणार, साधारण साडेसहा हजार कोटी खर्च, मुख्यमंत्री म्हणाले एकरकमी चेक द्यायला तयार आहोत. चेक तयार होता हो, माल नव्हता. बारा दिवसांत १८ ते ४४ चं बंद करावं लागलं आणि त्यांच्यासाठी आणलेली कोवॅक्सीन ४५ वरच्यांच्या दुसऱ्या डोसकडे वळवली.

मग ७ जूनला पंतप्रधानांनी सांगितलं की राज्यांचा वाटाही केंद्रच घेणार, आणि २१ जूनपासून ७५ टक्के केंद्र, २५ टक्के खाजगी असा हिशोब सुरू झाला. खाजगीचे कमाल दर तेव्हाच बांधले, कोविशील्ड ७८०, कोवॅक्सीन १४१०, स्पुटनिक ११४५. तुमची पावती त्याच दराची आहे, खरी आहे, लॅमिनेट करून ठेवा.

माझं स्वतःचं सांगायचं तर १ मार्चला सकाळी नऊ वाजता कोविन (लसीच्या नोंदणीची सरकारी साइट) उघडून बसलो, ओटीपी येईना, आला तर पुढचं पान उघडेना. शेवटी ४ तारखेला मुलाने सुनेच्या फोनवरून नंबर लावून दिला. मिसेस घाबरत होत्या, त्यांनी २७ मार्चला घेतली. आणि तिथून आमची खरी गंमत सुरू झाली. आधी दोन डोसमध्ये चार ते सहा आठवडे होते, मार्चमध्येच सहा ते आठ केले, म्हणून आम्ही २२ मेवर खूण करून बसलो. १३ मेला बारा ते सोळा आठवडे झाले! मिसेसना वाटलं लस संपली म्हणून आपल्याला टोलवतायत. खरं कारण काय होतं यावर आमच्या कट्ट्यावर (घंटाळीच्या मैदानात, मास्क लावून, सहा फुटांवर) दोन तट पडले होते. परदेशातल्या अभ्यासात कोविशील्डचं अंतर वाढवलं की परिणाम चांगला येतो असं दिसलं होतं हे खरंच आहे, आणि तेव्हा लसीची चणचण होती हेही खरंच आहे, दोन्ही एकाच वेळी खरं असायला काय हरकत आहे. शेवटी ८४ दिवस मोजून १९ जूनला त्यांचा दुसरा झाला. ८४ हा आकडा आमच्या घरात कोणी विसरणार नाही.


मुरबाड_व्हाया_शहाड

काका कडक. १ ते १२ मेच्या त्या बारा दिवसांचा मी लाभार्थी 😅 तेव्हा २९ वर्षांचा, माजिवड्याला भाड्याने राहायचो. टेलिग्रामवर ठाणे जिल्ह्याचा अलर्ट लावला होता, स्लॉट उघडला की फोन टुंग वाजायचा, तोवर तुम्ही लॉगिन करून ओटीपी टाकून कॅप्चा वाचेपर्यंत सगळं हिरवं लाल झालेलं. ठाणे शहरात तर दिसायचंच नाही काही. चार दिवस असेच गेले, ऑफिसचा कॉल एका कानात आणि टुंग दुसऱ्या कानात.

मग मित्र म्हणाला अरे पिनकोडने नको बघू, जिल्ह्याने बघ, आणि खाली स्क्रोल कर. तर मुरबाड! ४२१४०१! चाळीस स्लॉट, मी तीन सेकंदांत मारला. लॉकडाऊन होतं, म्हणून सकाळी सहालाच बाइक काढली, कल्याण, शहाड, म्हारळ, मग तो मस्त रस्ता, नाक्यावर पोलिसाला एसएमएस दाखवला तर तो म्हणाला तू आजचा बारावा आहेस ठाण्याचा.

तिथे पोचलो तर केंद्राबाहेर सगळ्या गाड्या एमएच ०४, ०५, ४३. एक जण तर थेट अंधेरीहून आलेला. रांगेत गावचं कोणीच नाही. पलीकडे झाडाखाली आमच्याच वयाची गावातली पोरं बसली होती, नुसती बघत. कोणी काही बोललं नाही पण टोचून झाल्यावर अर्धा तास तिथे बसायचं असतं ना, तो अर्धा तास मला लई जड गेला. आणि दुसऱ्या डोसला परत मुरबाडला जायला नको म्हणून वाशीत केला, तेव्हा भरपूर मिळत होती, दोन मिनिटांत.


म्हसा_यात्रेवाला

@मुरबाड_व्हाया_शहाड त्या झाडाखालच्या पोरांतला मी नसेन पण माझा चुलतभाऊ नक्की असणार. मी नोकरीनिमित्त घणसोलीला असतो, घर मुरबाड तालुक्यात. तुझ्यावर राग नाही भावा, तू पण वैतागलेलाच होतास. पण लोकांना हे समजत नाही की गावातली पोरं रांगेत का नव्हती. १८ ते ४४ ला फक्त ऑनलाइन बुकिंग होतं, थेट जाऊन नाव लावायची सोयच नव्हती, ती सरकारी केंद्रावर २४ मेच्या आसपास दिली, तोवर आपल्या राज्यात त्या वयाचं लसीकरणच बंद पडलेलं. आमच्या पाड्यावर नेटवर्क पाहिजे तर टेकडीवर जावं लागतं. टेकडीवर उभं राहून ठाण्याच्या फायबरवाल्याशी रेस लावायची होय?

आणि साठा पण वेगळा असायचा. ४५ वाल्यांचा केंद्राकडून आलेला, १८ वाल्यांचा राज्याने घेतलेला. त्यामुळे फ्रीजमध्ये लस दिसतेय, पण ती तुझ्या वयाची नाही. हे आईला समजावताना माझी काय हालत झाली असेल विचार कर. ती म्हणाली, औषधाला वय असतं का.

शहापूर मुरबाडला या गोष्टीवरून भांडणं झाली होती तेव्हा, पेपरला पण आलं होतं. स्थानिकांना आधी द्या म्हणून लोक केंद्रावर जाऊन बसले.


लसटोचक_ताई

मी तेव्हा नवी मुंबईत एका नागरी आरोग्य केंद्रात कंत्राटी एएनएम (सहाय्यक नर्स) होते, आयडी बघा माझा, कागदावर आमचं पद हेच असायचं, लसटोचक. नवरा अजून चिडवतो.

वाघबीळ दादा, तुमच्या ७८० चा हिशोब सांगते. ६०० लसीचे, ३० जीएसटी, १५० हॉस्पिटलचा सेवा आकार. कोवॅक्सीनला १२०० अधिक ६० अधिक १५०. म्हणजे तुमच्या क्लब हाऊसमध्ये येऊन एसी लावून, बिस्किटं ठेवून टोचलं ते सगळं त्या १५० मध्ये. सरकारी केंद्रात टोचली तरी तीच लस, तीच सीरमच्या पुण्याजवळच्या मांजरी कारखान्यातली बाटली. लोकांना वाटायचं पैसे दिले की चांगल्यातली मिळते. एक बाई तर मला म्हणाल्या की इथे फुकट आहे म्हणजे पाणी घातलेली असणार. मी म्हटलं मावशी दहा जणांत तेवढीच बाटली आहे, पाणी घालायला जागा कुठेय.

ते बाटलीचं जरा सविस्तर सांगते कारण हे कोणी लिहीत नाही. कोविशील्डच्या एका वायलमध्ये दहा डोस, अर्धा अर्धा एमएल. एकदा झाकण टोचलं की त्यावर वेळ लिहायची आणि चार तासांत संपवायची, राहिली तर फेकायची आणि वाया गेल्याचं लिहायचं. त्यामुळे दुपारी साडेतीन चारला आमची खरी परीक्षा. बाहेर सहा जण आहेत, सातवा येईल का? नवीन वायल फोडायची की सहा जणांना उद्या या म्हणायचं? सकाळी पाच वाजल्यापासून कूपनला उभी असलेली माणसं आणि मी त्यांना उद्या या म्हणू? मग मी किंवा डाटा एंट्रीचा मुलगा समोरच्या रस्त्यावर जाऊन ओरडायचो, पंचेचाळीसच्या वरचं कोणी आहे का? वडापाववाला, रिक्षावाले, सोसायटीचे वॉचमन, असे कितीतरी जण आम्ही चारच्या सुमाराला भरलेत. आणि बाटलीत कंपनी थोडी जास्त भरते म्हणून हात साफ असेल तर अकरावा डोस निघायचा. सिरिंज एकदाच वापरता येणारी, आपोआप लॉक होणारी, त्यामुळे ओढताना चूक झाली की डोस गेला. अकरावा निघाला की आमच्याकडे टाळ्या पडायच्या, खरंच.

तौक्ते वादळाच्या दिवशी, १७ मे होती बहुतेक, आमच्याकडे लाइट गेली. आम्ही घाबरलो लसीचं काय होणार. लस ज्या फ्रीजमध्ये ठेवतात तो साधा नसतो, त्याला आयएलआर म्हणतात, भिंतीत बर्फाचा थर असतो, लाइट गेली तरी कित्येक तास दोन ते आठ डिग्री टिकवून धरतो, फक्त झाकण उघडायचं नाही. आमचे फार्मासिस्ट झाकणावर रजिस्टर ठेवून त्यावर डबा ठेवून बसले, कोणी उघडू नये म्हणून. संध्याकाळी लाइट आली तेव्हा तापमान ६ होतं. ते काय खूश झाले, सगळ्यांना चहा.

कर्मचाऱ्यांबद्दल म्हणाल तर, जून जुलैमध्ये सोसायट्यांचे कॅम्प खाजगी हॉस्पिटलांनीच घेतले, आणि त्यात डोक्यामागे पैसे ठरलेले. ज्या सोसायटीने स्टाफचे पैसे भरले त्यांच्या स्टाफला मिळाली. बाकीचे आमच्याकडे रांगेत. एवढंच आहे ते.


कळवा_स्लो_लोकल

ताईंनी शेवटी लिहिलंय त्या "बाकीच्यां"मधली माझी आई. ती तेव्हा ४७ वर्षांची, ठाण्यात एका मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये चार घरी पोळ्या आणि भांडी. (वाघबीळ भाऊ, तुमचं नाही, घाबरू नका.)

४५ वाल्यांना एप्रिलपासून होतं पण चाळीत व्हॉट्सॲपवर फिरत होतं की लस घेतलेला माणूस दोन वर्षांत जातो, त्यामुळे कोणी गेलं नाही. मे अखेरीला कॉम्प्लेक्सच्या गेटवर बोर्ड लागला, एक तरी डोस झाल्याशिवाय घरकामवाल्यांना प्रवेश नाही. त्याच महिन्यात आत क्लब हाऊसला कॅम्प झाला, पैसे भरून. कामवाल्यांना त्यात घ्या असं एका आजींनी मीटिंगमध्ये म्हटलं म्हणे, तर त्यांच्या त्यांच्या मालकांनी बघावं असं उत्तर मिळालं, आणि चार घरचे मालक म्हटल्यावर कोणी बघायचं.

मग आई सरकारी केंद्रावर. पहिल्या दिवशी सहाला गेली, कूपनं संपलेली. दुसऱ्या दिवशी पाचला, त्या दिवशी लसच आली नाही, दारावर कागद. तिसऱ्या दिवशी साडेतीनला घरातून निघाली, मी सोडायला गेलो, तरी तिच्या पुढे साठ सत्तर माणसं, चपला विटा पिशव्या लावून ठेवलेल्या. मिळाली एकदाची. तीन दिवसांचे खाडे झाले, दोन घरांनी कापले, दोघांनी नाही कापले. आता सांगा ही लस फुकट की विकत? ७८० परवडले असते ओ.

पुढचं अजून आहे. नोंदणी तिच्या एका मॅडमनी स्वतःच्या मोबाईलवर करून दिलेली, चांगल्या मनाने, कारण आईचा बटणवाला फोन आणि मी तेव्हा भिवंडीला गोडाऊनमध्ये डबल शिफ्ट. एका नंबरवर चार माणसं चालायची, मॅडम, साहेब, त्यांची सासू आणि चौथी माझी आई. मॅडम ऑगस्टमध्ये पुण्याला शिफ्ट झाल्या. इकडे १५ ऑगस्टपासून दोन डोस आणि वर चौदा दिवस झालेल्यांना लोकल सुरू झाली, आईचा दुसरा सप्टेंबरात झाला, तोवर ती कळवा ठाणे शेअर रिक्षाने जायची, रोजचे चाळीस रुपये. आता पास काढायला सर्टिफिकेट पाहिजे, सर्टिफिकेटला ओटीपी पाहिजे, ओटीपी जातो पुण्याला. मॅडमना फोन लावला की त्या मीटिंगमध्ये, त्या मोकळ्या झाल्या की मी गोडाऊनमध्ये, ओटीपीची वेळ संपलेली. आठ दिवस हा खेळ. शेवटी एका रविवारी सकाळी दोघंही फोन धरून बसलो आणि झालं. मॅडमनीच पीडीएफ पाठवली, मी नाक्यावर कलर प्रिंट मारली, वीस रुपये, लॅमिनेशनचे तीस. ठाणे स्टेशनला खिडकीवर तो माणूस प्रिंट बघून म्हणाला, काकी तुमचा फोन? आई म्हणाली फोन पुण्याला आहे.


सत्य_बोलणार

सगळे लस लस करताय, पण २०२४ मध्ये कोविशील्ड मुळात जिची लस त्या ॲस्ट्राझेनेका कंपनीनेच कोर्टात कबूल केलं ना की रक्ताच्या गाठी होतात? मग लस मागे पण घेतली. मी घेतली नाही, मला काही झालं नाही. स्मरणिकेत हे पण लिहा.


लसटोचक_ताई

@सत्य_बोलणार तुम्ही घेतली नाही हा तुमचा प्रश्न, तुम्हाला काही झालं नाही याचा आनंदच आहे. पण जे लिहिलंय ते अर्धं आहे म्हणून पूर्ण करते. रक्तात गाठी आणि सोबत प्लेटलेट कमी होणं, हा दुर्मिळ त्रास या लसीने होऊ शकतो हे २०२१ च्या एप्रिलमध्येच युरोपच्या औषध संस्थेने सांगितलं होतं, २०२४ मध्ये नवीन काही सापडलं नाही. आपल्याकडे मे २०२१ मध्ये केंद्राच्या समितीने तपासलं तेव्हा दहा लाख डोसमागे ०.६१ असं प्रमाण निघालं. आम्हाला तेव्हा लेखी सूचना होती की लस घेतल्यापासून वीस दिवसांत दम लागला, छातीत दुखलं, पायाला सूज आली, डोकं खूप दुखलं तर लगेच परत यायला सांगा. आम्ही प्रत्येकाला सांगायचो, निम्मे ऐकायचे, निम्मे सेल्फी काढायचे. कंपनीने २०२४ मध्ये लस बाजारातून काढली ती मागणी उरली नाही म्हणून, आणि सीरमने तर कोविशील्ड बनवणं डिसेंबर २०२१ लाच थांबवलं होतं.

लस घेऊनही लोकांना करोना झाला, मलाही झाला जानेवारी २०२२ ला. दुसऱ्या लाटेत मी वाशीच्या सिडको एक्झिबिशन सेंटरमधल्या कोविड सेंटरला पण ड्युटी केलीये, जानेवारी २०२२ ला परत गेले. दोन्ही वेळचे बेड मी बघितलेत. याच्यावर मी वाद घालणार नाही.


तीन_पेट्रोलपंप_काका

ताई, मानलं. ज्यांच्या मनात शंका होती त्यातल्या आमच्या मिसेस पण होत्या, म्हणून शंकेची टिंगल मी करत नाही. लहानपणी आमच्या गावी देवीची लस टोचायला माणूस आला की आम्ही पोरं माळ्यावर लपायचो. दंडावरचा तो वण अजून आहे. तेव्हा ओटीपी नव्हता एवढं मात्र बरं.

वाघबीळकर, अजून एक नोंद करून ठेवा. ऑक्टोबर २०२१ च्या २१ तारखेला देशात शंभर कोटी डोस झाले, आणि १७ जुलै २०२२ ला दोनशे कोटी. आकडा मोठाच आहे, त्यात शंका नाही, जानेवारीत सुरू करून ऑक्टोबरात शंभर कोटी ही काही खायची गोष्ट नव्हे. पण तो स्मरणिकेत छापणार असाल तर कळव्याच्या त्या आईच्या तीन फेऱ्यांनाही दोन ओळी द्या.


सीवूड्स_सेकंड_फ्लोअर

आमच्याकडे उलटं झालं. जूनमध्ये कॅम्पला घासाघीस करून पैसे भरून घेतली, फक्त रहिवासी. मग सप्टेंबरात सरकारी केंद्रं रिकामी दिसायला लागली, खाजगीत कोणी फिरकेना. ऑक्टोबरात राज्याची कवचकुंडल लसीकरण मोहीम निघाली आणि पालिकेचेच लोक विचारत आले की तुमच्याकडे कोणी राहिलंय का, वॉचमन, ड्रायव्हर, बांधकामावरचे. ज्यांना जूनमध्ये गेटबाहेर बसवलं त्यांच्यासाठी ऑक्टोबरात गेटवर टेबल. मधले चार महिने ते रोज आमच्या पिशव्या उचलून आणत होते लिफ्टपर्यंत. हे लक्षात आल्यावर जरा कसंतरीच झालं होतं.

बाय द वे त्या काळात कांदिवलीच्या एका सोसायटीत बनावट कॅम्प झाला होता आठवतंय? पैसे घेतले, काहीतरी टोचलं, सर्टिफिकेट वेगळ्याच हॉस्पिटलच्या नावाने. त्यानंतर आमचे सेक्रेटरी वायलवरचं लेबल चष्मा लावून वाचायचे आणि मगच लोकांना खुर्चीत बसू द्यायचे 😂


वाघबीळ_बी_विंग

सगळ्यांचे खूप आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. कळवा भाऊ, तुमच्या आईंचं वाचून मी काल रात्री जुने मिनिट्स काढले. आमच्याकडे जुलै २०२१ च्या मीटिंगमध्ये "स्टाफचे लसीकरण" असा विषय होता, त्यापुढे "पुढील सभेत" लिहिलंय. पुढच्या सभेत विषय गणपती वर्गणीचा.

सेक्रेटरी साहेबांशी बोललो, काकांच्या तारखा दाखवल्या. अर्धा तास बोलल्यावर ते म्हणाले "मोफत" काढ, पण "कर्मचारी" राहू दे, वाईट दिसतं. मी म्हटलं मग कोणाला कुठे मिळाली ते विचारून लिहितो. सध्या वाक्य असं झालंय: "जुलै २०२१ मध्ये क्लब हाऊसमध्ये सशुल्क लसीकरण शिबिर झाले. सोसायटीच्या कर्मचाऱ्यांनी सरकारी केंद्रावर रांगेत उभे राहून लस घेतली." खजिनदारांना "रांगेत उभे राहून" नकोय. बघू, रविवारी मीटिंग आहे.

आमचे जुने वॉचमनकाका आता गावी असतात, दापोलीकडे. खात्री करायला त्यांना फोन लावला. त्यांनी पहिली ठाण्यात घेतली, तीच चार वाजताची, केंद्रावाले रस्त्यावर येऊन ओरडत होते म्हणून (ताई, तुमच्यासारखंच कोणीतरी), दुसरी गावी. सगळं आठवून सांगितलं, आणि मग म्हणाले, साहेब बरं झालं फोन केलात, माझ्या सर्टिफिकेटवर वय एकाहत्तर पडलंय, मी तेव्हा सतरा कमी होतो, ते बदलून मिळेल का?

कोणाला माहितीये का हे कुठे बदलून मिळतं? त्यांचा नंबर तोच आहे, ओटीपी येतो.